क्लिअर लिहिण्याआधी

चिखलीच्या कुशाबाईला कारखान्यात घेतलं ते तिच्या बोटांवर. कांद्याचं रोप लावणाऱ्या बाईची बोटं कशी चालतात, हे बबनराव सुपरवायझरला ठाऊक होतं. सत्तावन साल होतं. चिंचवड स्टेशनाच्या अंगाला मल्हार फार्मसी नावाची पत्र्याची एक शेड होती, आणि तिथं कानात नि डोळ्यांत घालायचं औषध बाटल्यांत भरत. सकाळी कानाचं, दुपारून डोळ्यांचं. टेबल तेच, बाटली तीच, टेबलाभोवतीच्या आठ बायाही त्याच. बदलायचं ते पिंपातलं औषध आणि वरचं लेबल.

नवरा सोनबा रेल्वेच्या गँगमध्ये होता, घरी सासू आणि दोन लेकरं. कुशाबाई पहाटे भाकऱ्या थापून दोन कोस चालत यायची. काम रोजावरचं. माल कमी झाला की बबनराव दारात उभा राहून सांगायचा, उद्यापासून येऊ नका. दोन वर्षांत दोनदा ती अशी घरी बसली होती. टेबलावरची मुकादमीण तेवढी कायम. तिला घरी बसवत नसत. जुनी मुकादमीण लेकाकडे राहायला गेली, जागा मोकळी झाली, आणि कुशाबाईनं मनाशी धरलं की ही जागा आपली.

अडचण एकच होती. प्रत्येक मालाआधी मुकादमिणीनं वहीत एक इंग्रजी शब्द लिहायचा आणि खाली आपलं नाव घालायचं. तो शब्द लिहिला की पिंपाचा नळ सुटायचा. शब्द होता क्लिअर. बबनरावानं पाटीवर पाच अक्षरं काढून दिली आणि सांगितलं, गिरव, आठवडाभर चालवून दाखव, मग कायमचं कार्ड करू. पहिलं अक्षर विळ्यासारखं, दुसरं नुसती काठी. कुशाबाईला चौथीपर्यंतचं मराठी येत होतं. दोन संध्याकाळींत तिनं ती पाचही बसवली. तिसऱ्या दिवशी पाटी परत देताना तिनं विचारलं,

"याचा अर्थ काय वं सायेब?"

"स्वच्छ," बबनराव म्हणाला. "एवढं पुरे."

पण तिला ते पुरेना. शब्द एकदा कळल्यावर तो जिथंतिथं कानांवर पडायला लागला. केमिस्ट अर्जुनराव धुतलेली बाटली भरून बल्बासमोर धरायचे आणि क्लिअर म्हणायचे. बाटली स्वच्छ होती हे तर सगळ्यांना माहीत. ते बोलत होते आतल्या औषधाबद्दल. म्हणजे तुरटी फिरवल्यावर पाणी निवळतं, ते. गेटावरचा हातगाडीवाला रस्ता क्लिअर करा म्हणून ओरडायचा, तो काही झाडायला सांगत नव्हता. अर्जुनराव कारकुनावर चिडले की म्हणायचे, जे काय आहे ते क्लिअर सांग. म्हणजे उघड, आडपडदा न ठेवता. शेजारी बसणाऱ्या दुर्गाबाईचा दीर मॅट्रिक क्लिअर झाला, त्याचे पेढे सगळ्यांनी खाल्ले.

घरी सोनबाला विचारलं तर तो भाकरी मोडता मोडता म्हणाला की आमच्याकडं लाइन क्लिअर असतं. मंजी पुढल्या ठेसनापतुर रूळ मोकळा. ते मिळाल्याबिगर मास्तर गाडी सोडत न्हाई.

एका शब्दाच्या इतक्या अर्थांची कुशाबाईला भीती वाटली नाही. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे, असं ती दुर्गाबाईला म्हणाली. दार लावतो, दिवा लावतो, रोप लावतो, पोराला वळण लावतो, नि जीवबी लावतो. कुणी घोटाळत नाही, कारण हातात काय आहे ते दिसत असतं. वहीत मात्र हातात काहीच नसतं. नुसता शब्द, आणि त्याच्याखाली आपलं नाव. म्हणून तिनं बबनरावाला पुन्हा गाठलं आणि बोटांवर मोजत विचारलं, स्वच्छ, निवळ, मोकळं, उघड, यातलं वहीत कोणतं?

बबनराव कातावला होता. "सगळीच. आता लिही."

कुशाबाईनं ते शब्दशः धरलं.

सोमवारी तिचा पहिला दिवस. दुपारी कानाचं काम संपलं, डोळ्यांचं पिंप आलं, आणि ती वही सोडून टेबलाखाली शिरली. ट्रे पालथे केले. खुर्च्या हलवल्या. आठही बायांना उठवून ओचे नि पदर झाडायला लावले. धुतलेल्या बाटल्यांतल्या मूठभर उचलून त्यांचे गळे बोट फिरवून पाहिले. पिंपातलं औषध पेल्यात काढून बल्बासमोर धरलं. कानाच्या औषधाचं एखादं लेबल नाहीतर भरलेली एखादी बाटली मागं राहिली, तर कानाचं औषध कुणाच्या तरी डोळ्यांत जाईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अर्धा तास गेला. काही सापडलं नाही. मग तिनं पाच अक्षरं काढली.

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं विचारलं, एखादा दागिना हरवला का? पुण्याला माल नेणारी गाडी दारात खोळंबली होती. बबनरावानं त्या दिवशी नुसतं पाहिलं. मंगळवारी त्यानं बजावलं की असं चालायचं नाही, लेबलं मोजून देतो नि मोजून घेतो, मग शोधायचं काय? दुर्गाबाई मूळची रत्नागिरीकडची, जिवाची. जेवणाच्या सुट्टीत तिनं समजावलं,

"कुशे गो, लिहून मोकळी हो. एका शब्दापायी कायमची भाकरी घालवशील."

कुशाबाईनं कालवणात भाकरी कुस्करली. रात्री सासूही तेच म्हणाली.

बुधवारी बबनरावानं वाटच पाहिली नाही. कुशाबाई ट्रे उचलत होती तोवर त्यानं वहीत स्वतःच क्लिअर लिहिलं, वही तिच्यापुढं सरकवली आणि टाक तिच्या हातात दिला.

"शब्द मी लिहिलाय. तू नुसतं नाव घाल."

कुशाबाईनं टाक वहीवर आडवा ठेवला.

"म्या अजून बघितलं न्हाई."

"मी सांगतोय ना, टेबल मोकळं आहे."

"मग तुमी घाला नाव."

बबनराव लाल झाला. शब्दही मुकादमिणीचा आणि नावही तिचंच, ही रीत त्याला सोयीची होती. आपलं नाव तिथं पडावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. त्यानं आवाज चढवला, उद्यापासून येऊ नको म्हणाला. कुशाबाईनं ऐकून घेतलं. ती गेली मात्र नाही. उद्याचं उद्या, आजचं टेबल माझं, असं म्हणून ती वाकली आणि राहिलेले ट्रे पालथे करू लागली.

आवाजानं अर्जुनराव आतून आले. त्यांनी दोघांचं ऐकलं, आणि तिचं संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. पंचवीस मिनिटं झाली. ती पदरानं कपाळ पुसत वर आली.

"काय सापडलं?"

"काय न्हाई सायेब."

"म्हणजे बबनराव बरोबर होते."

"व्हय. पन न्हाई हे बघितल्यावर कळलं. आधी म्या नुसतं म्हनलं आसतं."

अर्जुनरावांनी वही आपल्याकडे ओढली. मग त्यांनी विचारलं की तू नक्की काय काय बघतेस. तिनं बोटावर मोजून सांगितलं: टेबल नि खालची जमीन मोकळी, बाटलीचा गळा स्वच्छ, औषध निवळ, आणि ओचे-पदर उघड, जुनं लेबल कुणाच्या अंगावर न्हाई. त्यांनी बबनरावाचा शब्द एका रेघेनं खोडला आणि खोडल्याच्या बाजूला वेळ घातली. मग तिचे चारही शब्द, तिनं सांगितले तसेच, मराठीत त्या पानावर आडवे लिहिले आणि प्रत्येकाखाली एक घर आखलं. शेवटच्या घरापुढं त्यांनी सुपरवायझरच्या नावासाठीही जागा ठेवली. कुशाबाईनं चारी घरांत खूण केली, खाली जोर देऊन आपलं नाव लिहिलं आणि वही बबनरावाकडं सरकवली. त्याला सही करावी लागली, आणि उद्यापासून येऊ नको हे बोलणं तिथंच विरलं. पुढं कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

कार्ड लगेच झालं नाही. बबनरावानं आठवड्याचा महिना केला, महिन्याचे तीन. कुशाबाई दर शनिवारी त्याच्यापुढं उभी राहून विचारायची, आणि दर सोमवारी टेबलाखाली शिरायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्ड हातात आलं. ते तिनं सासूला दाखवलं, सासूनं देवापुढं ठेवलं.

पुढं बायांना रीत कळली. प्रत्येक बाई आपल्यापुढलं स्वतः झाडायला लागली, आणि अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांवर आलं. दहाच्या खाली कुशाबाईनं ते कधी येऊ दिलं नाही. पुण्याच्या गाडीचा ड्रायव्हर तेवढ्या वेळात पायरीवर बसून बिडी ओढायचा, आणि आतून नळ सुटल्याचा आवाज आला की उठायचा.