आजोबांच्या आधी ताई

केक आणायची अक्कल माझीच. आमच्या लॅबमधल्या ताईने बजावलं होतं, "थीसिस जमा केलाय, पण आजोबांना मी स्वतः सांगणार. तोवर तोंडाला कुलूप!" मी तोंडाला कुलूप लावलं आणि केकवर लिहून आणलं, 'अभिनंदन, डॉक्टर!'

लॅबमध्ये पहिले आले नेमके आजोबा. आजोबा म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने विद्यार्थी. वय चौतीस, पीएचडीचं सातवं वर्ष. त्यांनी खोक्याचं झाकण उचललं, वाचलं. "कोण रे डॉक्टर? मी असतो तर मला कुणीतरी कळवलं असतं."

"ताई," मी पुटपुटलो.

आजोबांनी झाकण हलकेच बंद केलं.

ताईला चार वर्षंही पुरती लागली नव्हती. आमचं काम गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर. इथे घाई कुणालाच नसते, गोगलगायींना तर नाहीच. बातमी फुटल्यावर जो तो आपापल्या वकुबाने बोलला. "गोगलगाय नि पोटात पाय!" असं शेजारच्या टेबलावरची तोंडावर म्हणाली. "गाइडबाईंची लाडकी," हे पाठीमागे. ताईचं सगळ्यांना एकच उत्तर : "अगं, माझा विषयच एवढासा. नशीब!"

आजोबांनी मात्र अहो-जाहो सुरू केलं. ज्यांनी तिला चिमटा धरण्यापासून शिकवलं, 'ए मठ्ठ' सोडून कधी हाक मारली नाही, ते आता विचारायचे, "मॅडम, मायक्रोस्कोप मोकळा झाला का आपला?" ताईचं तोंड एवढंसं व्हायचं.

त्यात तोंडी परीक्षा जवळ आलेली. आमच्याकडची रीत अशी, की खऱ्या परीक्षेआधी आजोबा खोटी परीक्षा घेतात. इथून डॉक्टर होऊन गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी सोलून काढलंय.

"पास होईन रे मी," ताई मला म्हणाली. "पण ते मॅडम मॅडम करत निरोप देणार असतील, तर कसली मजा?"

शेवटी ती त्यांच्या टेबलापाशी गेली. मी टाकी घासत होतो. म्हणजे ऐकत होतो.

"माझ्याआधी केकने तुम्हाला सांगितलं. चुकलं माझं."

"छे छे, मॅडम. आपला विषयच एवढासा. नशीब असतं एकेकाचं."

ताई भडकली. "एवढासा? दोन हिवाळे गार पाण्यात हात घालून अंडी मोजलीत मी! नशीबबिशीब काही नाही, काम चांगलं झालंय माझं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होते तसं."

आजोबांनी खुर्ची गर्रकन फिरवली. "त्यानेच तर डोकं फिरलं! तुझा विषय एवढासा, तर तुला शिकवताना मी काय झक मारत होतो?"

तुझा! माझा ब्रश हातातच राहिला.

"उद्या दुपारी ये," आजोबा म्हणाले. "तिसरं प्रकरण तोंडपाठ हवं, मठ्ठ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला मनसोक्त सोललं. एका प्रश्नावर मात्र तिने त्यांनाच कोंडीत पकडलं. आजोबांनी वही ओढून ते टिपून घेतलं. मग म्हणाले, "हे माझ्या थीसिसमध्ये घालतो. तुझे आभार मानीन, बारीक अक्षरात."

ताई डॉक्टर झाली. जाताना म्हणाली, "तुमची एक रविवारची पाळी माझ्याकडे बाकी आहे." थीसिसच्या धांदलीत एका रविवारी तिच्या वाटच्या गोगलगायींना आजोबांनी खाऊ घातलं होतं. "येत्या रविवारी येऊन फेडते."

"आत्ता नको. माझी धांदल सुरू होईल तेव्हा ये."

ती अजून अधूनमधून फोन करते, "येऊ का?"

आजोबा म्हणतात, "थांब गं. तिसरं प्रकरण चाललंय."