एकही चित्र नसलेलं फोटोचं पुस्तक

मला आयुष्यात सगळ्यात कमी कळलेलं पुस्तक मला अजून तोंडपाठ आहे. सबंध नाही, त्यातलं सातवं प्रकरण. आजही कुणी मला पहिला शब्द दिला तर मी डोळे मिटून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत जाते, आणि नातवंडं तोवर अंगणात पळालेली असतात.

पुस्तक फोटोग्राफीचं होतं, इंग्रजीत होतं, विटेएवढं जाड होतं आणि त्यात एकही फोटो नव्हता. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलत्यांनी, ते मुंबईहून मागवलं होतं. नानांचा जळगावात स्टेशनाजवळ फोटोचा स्टुडिओ होता. वर काचेचं छत, मागे रंगवलेला धबधबा आणि खुंटीला एक काळा कोट. तालुक्यातल्या निम्म्या पुरुषांचे त्या काळचे फोटो त्याच कोटातले आहेत. कापूस विकून आलेला माणूस आधी कोटात शिरायचा, मग धबधब्यासमोर बसायचा.

पुरुषांचं असं सोपं होतं. बायकांचं अवघड. नाना कॅमेऱ्यामागच्या काळ्या कपड्यात शिरले की समोरच्या बाईचा पदर नाकापर्यंत यायचा. फोटोत पाटल्या दिसायच्या, लुगड्याचे काठ दिसायचे, चेहऱ्याच्या जागी नुसता पदर. एके दिवशी वैतागून नानांनी ठरवलं की घरातल्या मुलींना हे काम शिकवायचं, म्हणजे बायकांचे फोटो बायका काढतील. त्या काळी हे फार पुढचं होतं. माझ्या वडिलांनी होकार दिला, आईने कपाळाला हात लावला, आणि वर्ग सुरू झाला.

पण कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आधी पुस्तक. नाना स्वतः मुंबईत कुणाच्या तरी हाताखाली फोटोच्या काचा धुऊन, ओरडा खाऊन शिकलेले. आपल्याला हात आहे, शास्त्र नाही, ही त्यांची खंत. ते पुस्तक त्यांनी दोनदा सुरू करून दोनदा मिटलं होतं. आपल्याला कळलं नाही ते पोरांना कळेल, असं त्यांना वाटलं. पोरं म्हणजे आम्ही तिघं. एक मी. दुसरे प्राथमिक शाळेतले एक तरुण मास्तर, त्यांना फोटोचा नाद होता आणि त्यांच्याकडे शब्दकोश होता. तिसरी माझी आतेबहीण.

आता हिच्याबद्दल नीट सांगायला हवं. ही धुळ्याची. मॅट्रिक झाली आणि लग्न जुळेपर्यंत मामाकडे, म्हणजे आमच्या घरी, राहायला आली. माझ्यापेक्षा फक्त सहा महिन्यांनी लहान, पण मला अक्का म्हणायची. इतक्या गोड आवाजात म्हणायची की मी एकदम चाळिशीची व्हायची. धुळ्याला रस्ते सरळ, धुळ्याला पाणी गोड, धुळ्याला मॅट्रिकला इंग्रजी शिकवतात ते वेगळंच. आणि मी? मी जळगावची, मॅट्रिकला इंग्रजीत काठावर सुटलेली, केसांना एरंडेल लावणारी. तिच्या वेणीचा सुद्धा मला राग होता. एवढी जाड वेणी कशाला लागते कुणाला?

पहिली सहा प्रकरणं उजेडाची होती. ती कशीबशी गेली. सातव्या प्रकरणापाशी आमची गाडी रुतली. तिथे लेखकाने काय म्हटलं होतं ते मी आज सांगू शकते: फोटोत माणूस उतरत नाही, माणूस आणि त्याला बघणारा यांच्यामध्ये त्या क्षणी जे घडतं ते उतरतं. एवढंच. पण हे त्याने चौदा पानं सांगितलं होतं, आणि एकेक वाक्य असं की सुरुवातीला आत शिरलेला माणूस शेवटी बाहेर येईलच याची खात्री नाही. मास्तर प्रत्येक शब्दाचे चार अर्थ काढून द्यायचे. चारांतला कुठला घ्यायचा ते विचारलं की म्हणायचे, संदर्भाने ठरवा. संदर्भ कुठला ते शब्दकोशात नव्हतं.

आम्ही दोघं असे चाचपडत होतो, आणि ती मात्र गप्प बसलेली असायची. हनुवटी तळहातावर, नजर काचेच्या छताकडे. मग हळूच तिच्या भुवया सैल व्हायच्या, ओठ किंचित उघडायचे, आणि मला कळायचं की हिला कळलं. ते बघणं मला सोसायचं नाही. कुणाला दागिना मिळालेला मी बघू शकते, कुणाला चांगलं स्थळ आलेलं सुद्धा बघू शकते. पण शेजारी बसलेल्या माणसाला कळतंय आणि आपल्याला कळत नाही, यासारखी पोटातली आग नाही. त्यातून घरी जाऊन ती ते माझ्या आईला सांगायची. आई भाकरी थापताना विचारायची, "हाई काय शे व, तुमनं पुस्तकमा?" आणि ती पिठाच्या परातीशी बसून काहीतरी सांगायची. आई मान डोलवायची. माझी सख्खी आई. मला जे कळत नव्हतं ते तिला कळत होतं, चुलीपुढे बसून.

आषाढ लागला तशी नानांनी बातमी आणली. येत्या श्रावणात जवळच्याच एका गावच्या पाटलांच्या घरी कानबाई बसायच्या होत्या. कानबाई आम्हा खानदेशातल्यांची. नारळाला डोळे, नाक, नथ लावून, लुगडं नेसवून चौरंगावर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेऊन, न्हाऊ घालून नारळ घरी परत आणतात. पाटलीणबाईंना कानबाईसोबत घरातल्या सगळ्या सुनालेकींचा फोटो हवा होता, पण फोटो काढायला पुरुष चालणार नव्हता. नाना म्हणाले, तुम्हा दोघींपैकी जिला सातवं प्रकरण पुस्तक मिटून सांगता येईल, कॅमेरा तिच्या हातात. दुसरी सोबत जाईल, चादर धरायला. चादर म्हणजे सावलीतल्या चेहऱ्यांवर उजेड फेकायला धरतात ती पांढरी चादर.

मला तो कॅमेरा हवा होता. का, हे विचाराल तर फोटोसाठी नाही. ती चादर धरून उभी आहे आणि मी काळ्या कपड्यात आहे, एवढं चित्र मला हवं होतं. ते मी रोज झोपण्याआधी बघायची.

मग मी काय केलं? जे मला येत होतं ते. लहानपणी स्तोत्रं पाठ केली तसं सातवं प्रकरण पाठ केलं. दळताना, पाणी भरताना, देवाला फुलं तोडताना. चौदा पानं, इंग्रजीत, एका दमात. आईला वाटलं पोरीला काहीतरी लागिर झालं.

परीक्षेच्या दिवशी मी नानांसमोर हात जोडून उभी राहिले, हो, हात जोडून, सवयच ती, आणि धडाधड म्हणून टाकलं. मास्तर पुस्तकात बोट ठेवून बघत होते. एक शब्द चुकला नाही. त्यांनी मान वर करून नानांकडे बघितलं, डोळ्यांत पाणी. नाना म्हणाले, "वा. आता मधलं ते आरशाचं उदाहरण आहे ना, तेवढं मराठीत सांग."

मधलं कसं सांगणार? मला मधून सुरू करता येत नव्हतं. मी पुन्हा पहिल्या शब्दापासून निघाले, की आरसा आला की थांबू. आरसा कधी येऊन गेला ते मला कळलंच नाही, कारण आरशाला इंग्रजीत काय म्हणतात ते मी धावण्याच्या भरात विसरले होते. पुन्हा शेवटचा पूर्णविराम आला. मास्तरांनी पुस्तकातलं बोट काढून घेतलं.

मग ती उठली. हात नाही जोडले. म्हणाली, "नाना, धुळ्याला आमच्याकडे कानबाईचा नारळ वर्षभर फडक्यात गुंडाळलेला असतो. झाडताना आम्ही तो उचलून बाजूला ठेवतो, कुणी बघतही नाही. श्रावणात त्याला डोळे लावतात, नथ घालतात. आणि माझी आजी, जी कुणाला भीत नाही, ती डोक्यावर पदर घेऊन त्याच्याशी बोलायला लागते. मग तो नारळ राहत नाही. नारळात काय बदललं? बघणारी बदलली. फोटोत तेवढंच येतं, असं तो लेखक म्हणतो."

नानांनी उठून कॅमेऱ्याची पेटी तिच्यापुढे ठेवली.

आणि खरी जळजळ तर पुढेच. ती बोलली तेव्हा मलाही कळलं. लख्ख कळलं. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर जात्यापाशी घसा सुकवला ती मला तिच्या तोंडून, उसनी, कळली. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

पाटलांच्या गावाला आम्ही दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, गेलो. ती पेटी मांडीवर घेऊन, मी चादर घेऊन. सकाळची वेळ, कानबाई अजून नदीवर जायच्या होत्या. बाया अंगणात कडुलिंबाच्या सावलीत बसल्या. मधे चौरंगावर कानबाई, मागे थोरल्या पाटलीणबाई, बाजूंनी सुना, पुढे लेकी. पुरुषांना गोठ्याकडे पिटाळलं होतं. पदर सगळ्यांचे मागे होते, चेहरे उघडे होते, आणि तरी सगळ्या अशा बसल्या होत्या की त्या घोळक्यात सगळ्यात जिवंत चेहरा नारळाचा.

माझी बहीण काळ्या कपड्यात शिरली, बाहेर आली, काच बसवली आणि दाबला की फोटो निघतो तो रबराचा गोळा हातात घेऊन उभी राहिली. दाबेना. आधी मला समजलं नाही. मग समजलं की बाईसाहेब वाट बघतायत. मधे काहीतरी घडेल, मग दाबू. तोंडावर तोच तो छताकडे बघतानाचा भाव. ती जितकी गंभीर, समोरच्या तितक्या ताठ. एका सुनेचा तर श्वास थांबलेला.

मी तिच्या मागे, जरा उजव्या अंगाला, चादर धरून. हात भरून आले होते आणि पोट जळत होतं. तिचं ते तत्त्वज्ञानी उभं राहणं मला बघवेना. मी चादर डोक्यावरून घेतली, एका हातात हवेतला गोळा धरला, हनुवटी वर केली, ओठ किंचित उघडले, आणि झाले मी ती.

पुढच्या एका लेकीला फिस्कन हसू फुटलं. मग सुनांना. थोरल्या पाटलीणबाई म्हणाल्या, "ओ माय, हाई पोर काय करी ऱ्हायनी?" आणि त्यांनी तोंडाला पदर लावला, पण डोळे तसेच राहिले, आणि त्या डोळ्यांत त्यांचं सगळं लहानपण आलं. तेवढ्यात माझ्या बहिणीने गोळा दाबला. तिला वाटलं, घडलं.

परतीच्या वाटेवर ती मला सांगत होती, "बघ अक्का, थांबलं की घडतं." मी चादरीची घडी घालत होते.

दुसऱ्या दिवशी नानांनी काच धुऊन कागदावर छाप काढला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. असा बायकांचा फोटो त्यांच्या स्टुडिओत कधी झाला नव्हता. एकही चेहरा मेलेला नाही. नानांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मास्तर म्हणाले, हाच तो सातव्या प्रकरणातला अर्थ, शब्दकोशात तिसरा दिलाय. मी दाराला टेकून उभी होते, आणि खरं सांगते, मला तो फोटो फाडावासा वाटत होता.

मग नाना फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "पण या सगळ्या बघतायत कुठे?"

"माझ्याकडे," ती म्हणाली.

"तुझ्याकडे बघत असत्या तर नजर आपल्यावर आली असती. या आपल्याला ओलांडून मागे कुणाकडे तरी बघतायत."

मास्तर फोटोवर वाकले. आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्याकडे."

मग मी थांबले नाही. म्हटलं, फोटोत माणूस उतरत नाही ना? माणूस आणि बघणारा यांच्यामध्ये घडतं ते उतरतं ना? मग या बाया कुणामुळे बदलल्या? ही उभी होती तोवर सगळ्या दगड होत्या, नारळ जास्त हसत होता. घडलं ते त्यांच्यात आणि माझ्यात. हिने फक्त गोळा दाबला. गोळा दाबणाऱ्याचा फोटो असेल तर पुस्तक खोटं, आणि पुस्तक खरं असेल तर फोटो माझा. आरशाचं उदाहरणही मी दिलं, मराठीत, मधूनच सुरू करून. आणि चादर डोक्यावर घेऊन मी काय केलं ते करूनही दाखवलं.

नाना हसता हसता खोकायला लागले. मास्तर पुस्तक चाळून म्हणाले, हिचा मुद्दा बसतो. मला सातवं प्रकरण कळलं होतं, माझं माझं कळलं होतं, आणि कशाच्या जोरावर? नुसत्या जळण्याच्या. देवाने मला बुद्धी दिली ती अशी, पोटात ठेवून.

नानांनी डोळे पुसले आणि माझ्या बहिणीला म्हणाले, "पिंप्राळ्याला बारसं आहे पुढच्या आठवड्यात. कॅमेरा हिच्याकडे. तू चादर धर."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या भुवया सैल नव्हत्या. ओठ मिटलेले, नाकपुड्या किंचित फुगलेल्या, आणि नजर माझ्या एरंडेल लावलेल्या वेणीवर. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पिंप्राळ्याचं बारसं मात्र साफ बिघडलं. बाळ शांत होतं, आई हसत होती, मामा-मावश्या ओळीत होते. पण माझी बहीण चादर घेऊन माझ्या मागे उभी होती. मी काळ्या कपड्यात शिरले आणि बाहेर आले, पुन्हा शिरले आणि बाहेर आले; ती मागे काय करतेय ते बघत. ती काही करत नव्हती. नुसती उभी होती, चादर सरळ धरून, फार गोड चेहऱ्याने. गोळा दाबला तेव्हाही माझी मान मागेच वळलेली होती, आणि समोर बाळाने नेमकी तेव्हाच कूस बदलली.