विमानाला हॉर्न नसतो

"मुंबईवाला काय म्हणतोय?" टॉवर इन्चार्ज जोशी साहेबांनी विचारलं.

काहीच म्हणत नव्हता. स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. आत्ताच त्या मुंबईच्या विमानाच्या पायलटने बेटमा गावाच्या बाजूने येतोय म्हणून कळवलं होतं. मी उतरायची परवानगी अजून दिली नव्हती, कारण रनवेवर आमची पाहणीची जीप होती.

तेव्हा इंदूरच्या कापडाच्या मिला बंद पडत होत्या आणि वर प्रायव्हेट एअरलाइन्सची विमानं वाढत होती. माझे बाबा मिलमध्ये होते. मी खानदानातली पहिली ग्रॅज्युएट, फिजिक्सची, आणि टॉवरमध्ये कंट्रोलर. त्याचा मला अभिमान होता. आजही आहे.

टॉवर आणि विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने बोलतात. कोणाचं बटण दाबलेलंच राहिलं की बाकी सगळ्यांचं बोलणं त्याखाली दबतं. कोणाचा तरी माइक अडकलाय, एवढं कळत होतं. पण कोणाचा?

"सर, इंजिनचा आवाज आहे. मुंबईवाल्याचाच."

"जेटचं इंजिन असं खडखडतं? फ्लाइंग क्लबवाले असतील."

क्लबला फोन लावला. "मॅडम, आमची दोन्ही विमानं हँगरमध्ये आहेत. एकाचं तर चाक काढलंय. ते कुठे उडणार?"

इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर हाक मारली. जवाब नाही. आमचाच सेट बिघडला असेल म्हणून दुसरा लावला. त्यातही तीच घरघर. जीप चालवणाऱ्या रामेश्वरभियांना वॉकी-टॉकीवर बोलावलं, तेही गप्प. डोकं चालेना. तेवढ्यात दूर विमानाचा दिवा दिसला.

रेडिओ बंद पडला की पायलट टॉवरकडे बघतो. आमच्याकडे त्यासाठी हातात धरायचा मोठा दिवा असतो. हिरवा म्हणजे उतरा, लाल म्हणजे फेरी मारा. मी लाल धरला. पण एवढ्या उन्हात त्याला दिसेल का? विमान खालीच येत होतं. जीप तिथेच.

आणि स्पीकरमधून आवाज आला, पों-पों.

साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"सर," मी म्हटलं, "विमानाला हॉर्न नसतो."

खाली रामेश्वरभिया हॉर्न वाजवत रनवेवरची कुत्री हाकलत होते.

विमानाने नाक वर केलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. लाल दिसला होता. मग मी दिवा जीपवर लुकलुकवला, म्हणजे रनवे सोडा. ती रनवे सोडून टॉवरखाली आली. साहेब धावत उतरले, रामेश्वरभियांचा सेट हिसकावून बंद केला आणि घरघर थांबली.

"इंदूर टॉवर, सो रहे थे क्या?" पायलट चिडलेला होता. त्याला उतरवून मग मी खाली गेले.

रामेश्वरभियांची मिल बंद झालेली, इथे ठेक्यावर लागले होते. वॉकी-टॉकी नवाकोरा, आमच्याच फ्रिक्वेन्सीवर चालणारा. खराब झाला तर नोकरी जाईल, म्हणून बायकोकडून रेग्झिनचं कव्हर शिवून घेतलं होतं. टीव्हीला शिवतात तसं. माप इतकं टाइट, की बटण आत दाबलेलंच.

"भिया, आम्ही ओरडत होतो, ऐकू नाही आलं?" साहेबांनी विचारलं.

"साब, मैंने सोचा आज मॅडम खुश हैं. एक बार भी नहीं चिल्लाईं."

साहेबांना हसू आवरेना. नोकरी वाचली, कव्हर जप्त झालं.

बटण दाबलेलं असलं की सेट फक्त बोलतो, ऐकत नाही. म्हणजे ज्याने सगळ्यांची लाइन अडवलेली असते, त्यालाच सगळं शांत वाटतं. पुढे ऑफिसच्या मीटिंगांमध्ये मला हे फार उपयोगी पडलं.