आर्वो निस्काला आणि दाराखालचं रबर

सदर इसम नामे आर्वो निस्काला, राहणार रिज स्ट्रीट, उत्तर मिनेसोटा. वंशाने फिन, धर्माने लुथरन, लोखंडाच्या खाणीतून निवृत्त, विधुर. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. रिज स्ट्रीटवरील समस्त गॅरेजांच्या दारांची खालची कड, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, तसेच तेथून आत येऊ पाहणारे वारा, बर्फ, पाणी व उंदीर हे विषय सदर इसमाच्या अखत्यारीत येतात. नेमणूक तहहयात. वेतन नाही. नेमणुकीचा हुकूम कोणी काढला याची नोंद आढळत नाही. तो रद्द झाल्याचीही नोंद आढळत नाही.

हुकूम काढला असेल तर थंडीने. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी आर्वोच्या गॅरेजचं दार जमिनीला गोठून बसलं. खाणीवर जायची वेळ झालेली. त्याने स्वयंपाकघरातून किटलीभर उकळतं पाणी आणून दाराच्या बुडाशी ओतलं. दार सुटलं, गाडी निघाली, आणि तो परत येईतो त्याच पाण्याचा बर्फ होऊन दार सकाळपेक्षा घट्ट बसलं. आर्वोने बटण दाबून धरलं. मोटरने कुरकुरत दार वर नेलं. रबर मात्र खालीच राहिलं, पायपुसण्यासारखं.

माणसं बाटलीच्या नादी लागतात, पत्त्यांच्या नादी लागतात. आर्वो रबराच्या नादी लागला. दाराच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमची खाच असते आणि त्या खाचेत रबराची लांबलचक पट्टी सरकवायची असते, एवढं कुणालाही कळतं. ती ओढून बसवायची नसते हे कळायला त्याला दोन हिवाळे लागले. ओढलेलं रबर थंडीत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. साबणाचं पाणी लावून ते हळूच ढकलत न्यायचं, दोन्ही टोकांना तीन बोटं जास्त ठेवायची, ती आत दुमडायची आणि खाचेची तोंडं पकडीने चिमटायची. मग भर दुपारी दार बंद करून, दिवे घालवून आत उभं राहायचं. "जिथून उजेड येतो, तिथून जानेवारी येतो," असं तो म्हणे. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

आधी शेजारच्या लॉवेल त्वाइटनचं दार केलं, मग त्याच्या शेजारच्याचं, आणि बघता बघता ती रीत पडली. पानगळ लागली की आर्वो पत्र्याची पेटी घेऊन निघायचा. प्रत्येक दाराचं रबर काढायचा, धुवायचा, हातात घेऊन वाकवून बघायचा, चांगलं असेल तर परत बसवायचा, नसेल तर नवं घालायचा. मोबदला म्हणून कॉफी आणि ताटात भाजून चौकोनी कापलेल्या गोड वड्या. वडी दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची. पहिल्यांदाच घेणारा मनुष्य बाहेरगावचा समजावा.

काम झालं की घरमालक बाहेर येई, दार एकदा वर-खाली करी आणि म्हणे, "वाईट नाही."

त्या भागात याहून मोठी स्तुती नाही. मुलगी डॉक्टर झाली, वाईट नाही. कर्करोग बरा झाला, वाईट नाही. एखादी गोष्ट अगदीच टाकाऊ असली तर "वेगळीच आहे" म्हणतात आणि विषय बदलतात. आर्वोला आयुष्यभर "वाईट नाही" ऐकू आलं होतं आणि तो तृप्त होता.

पाच वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, एका सकाळी त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली. डॉक्टरने डोक्यातल्या कुठल्याशा बारीक नसेचं नाव घेतलं. आर्वोने कुणाला सांगितलं नाही. लॉवेलने विचारलं तेव्हा म्हणाला, "झोपेत अवघडला." कॉफीचा पेला उजव्या हातात आला, एवढाच फरक.

त्या शरद ऋतूत त्याने नेहमीसारखी सगळी दारं केली. डावा हात रबर ढकलतोय की नाही ते हाताला समजत नव्हतं, म्हणून उजवा हात ओढत होता. हे त्याच्या लक्षात आलं नाही, असं म्हणणं बरं. पुढच्या पानगळीत दारं झाल्यावर मार्लिस, म्हणजे लॉवेलची बायको, बाहेर आली, दार वर-खाली केलं आणि म्हणाली, "उत्तम झालंय, आर्वो. अगदी सुरेख."

आर्वो जरा गोंधळला. सुरेख हा शब्द तिथे फार तर मयताच्या चेहऱ्याबद्दल वापरतात. पण पुढच्या घरीही तेच. "झकास." त्याच्या पुढच्या घरी, "याच्याहून चांगलं कोण करणार." आर्वोला वाटलं, म्हातारपणी लोक कदर करायला लागले.

त्याच वर्षी लॉवेलचा गुडघा गेला. नोव्हेंबरात हरणांची शिकार खुली होते तो शनिवार म्हणजे तिथला सण. गाव ओस पडतं, पुरुष नारिंगी जाकिटं घालून जंगलात जातात. आर्वो आणि लॉवेल तरुणपणापासून एकाच झोपडीत उतरत आले होते. त्या वर्षी लॉवेल म्हणाला, "गुडघा साथ देत नाही रे. तू जा." आर्वो एकटा गेला. परत येताना हरणाच्या मांसाचे सॉसेज करून घेतले आणि निम्मे लॉवेलला दिले. हिवाळाभर स्वतःच्या अंगणातला बर्फ ओढून झाला की लॉवेलच्याही अंगणातला ओढला. गुडघ्याने मनुष्य फावडं कसं मारणार. चार हिवाळे हे चाललं.

आणखी एक नवल झालं. दर पानगळीत तो रबर काढून पाहायचा तर ते नव्यासारखं. चीर नाही, ताठरलेलं नाही. उणे तीसची थंडी खाऊन रबर असं राहत नाही. आर्वोने ते हातात वाकवून पाहिलं, सूर्याकडे धरून पाहिलं, आणि निष्कर्ष काढला की आपला हात आता कुठे बसलाय. लॉवेलला त्याने तसं सांगितलंही.

"असेल," लॉवेल म्हणाला.

यंदा सप्टेंबरात आर्वो दरवर्षीसारखा आठवडाभर बहिणीकडे नॉर्थ डकोटात गेला. बहिणीला ताप आला, तिने याला हाकललं, "तू माझ्यापुढे आजारी पडू नकोस, घरी जा." म्हणून तो ठरल्याआधीच परतला. दुपारी गल्लीत वळला आणि त्याला आपल्या गॅरेजसमोर मनुष्य दिसला.

लॉवेल होता. दोन्ही गुडघ्यांवर बसलेला. दार छातीइतकं वर होतं आणि लॉवेल त्याच्या तळातून एक जाडजूड, काळंभोर, मऊ रबर बाहेर ओढत होता. शेजारी जमिनीवर दुसरं रबर वेटोळं करून ठेवलेलं. त्याची टोकं आत दुमडलेली. ते आर्वोने ओळखलं. पलीकडे ढकलगाडी होती आणि तिच्यात आणखी वेटोळी.

आर्वो गाडीतून उतरला. लॉवेल उठला. पटकन उठला, हात न टेकता.

"लवकर आलास," लॉवेल म्हणाला.

"बहिणीला ताप आहे."

"अरेरे. फार?"

"नाही. काय करतोयस?"

लॉवेलने रबराकडे पाहिलं, जणू ते काही सुचवेल. "दार बघत होतो जरा."

आर्वोने ढकलगाडीतलं वेटोळं उचललं. मग दुसरं. सगळी त्याची होती. ती आत्ता त्या-त्या दारांना असायला हवी होती. "ही हिवाळ्यात कुठे असतात?"

"आमच्या तळघरात," लॉवेल म्हणाला. खोटं बोलायचं त्याला जमत नसे. तो फक्त गप्प बसण्यात तरबेज होता. "उबेला."

"आणि दारांना?"

"दारांच्या कंपनीचं. तू शिकारीला गेलास की त्यांचा माणूस येतो, एका दिवसात सगळी करतो. सप्टेंबरात तू बहिणीकडे गेलास की मी तुझी परत घालतो. तू हातात घेऊन बघतोस ना, जाडी कळली असती. बाहेरून कळत नाही. टोकं मी तुझ्यासारखी दुमडून घेतो त्याच्याकडून. तो म्हणतो, कशाला. मी म्हणतो, दुमड."

आर्वो बराच वेळ काही बोलला नाही. ही तिथली मोठ्यातली मोठी शिवी.

"पहिल्या वर्षी आमच्या गॅरेजातला नळ फुटला," लॉवेल म्हणाला. "पलीकडच्या पेटरसनकडे बर्फ गॅरेजातल्या फ्रीजरपर्यंत गेला. डाव्या कोपऱ्यातून, सगळ्यांकडे. तुझा तो हात..."

"सांगायचं होतंस."

"कसं सांगणार?"

"तोंडाने."

"मार्लिस म्हणाली, त्याला दुसरं आहे काय. मग सगळे जमलो, चर्चच्या तळघरात. मतदान नाही झालं, पण कुणाची हरकत नव्हती."

"सगळे म्हणजे?"

"गल्ली."

"आणि मला उत्तम म्हणायचं, ते पण तिथेच ठरलं?"

"ते नाही ठरलं," लॉवेल कळवळून म्हणाला. "ते लोकांनी आपापलं केलं. मी म्हणत होतो नेहमीसारखं बोला, तर जमेना कुणाला. वाईट नाही असं म्हणताना जीभ अडखळायची."

आर्वोने त्याच्या पायांकडे पाहिलं. "गुडघा?"

"गुडघा बराय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," लॉवेल म्हणाला. "कंपनीच्या माणसाबरोबर कुणीतरी थांबायला हवं होतं. चार सीझन गेले माझे, आर्वो. मला काय जंगल नको होतं?"

"मी तुझा बर्फ ओढला."

"हो. मार्लिस खिडकीतून बघायची, म्हणायची हे काही बरं दिसत नाही. पण थांबवायचं म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं." त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली. "सॉसेज वाईट नव्हते."

आर्वोने ढकलगाडीतली सगळी वेटोळी आपल्या गाडीत भरली. कंपनीचं रबर पूर्ण ओढून काढलं, नीट गुंडाळलं आणि लॉवेलच्या हातात दिलं.

"हे राहू दे रे," लॉवेल म्हणाला. "तुझ्या दारालाच राहू दे. बाकीच्यांचं सोड. तुझ्याकडे वारं कसं शिरत होतं मी पाहिलंय."

"तुझं आहे ते."

"गल्लीने मिळून घेतलंय."

"मग गल्लीला दे."

रिज स्ट्रीटवर सगळ्यांना सगळ्यांच्या गॅरेजचा चार आकडी परवलीचा नंबर ठाऊक असतो. कुणाला शिडी हवी असते, कुणाला फ्रीजरमध्ये जागा. आर्वोने त्या संध्याकाळी आपला नंबर बदलला. आपल्याला असं काही करता येतं हे त्याला माहीत नव्हतं, मोटरवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचावी लागली. मग खुर्ची ओढून तो बंद गॅरेजात बसला. अमक्या वर्षी अमक्या दाराशी काय बोलणं झालं, ते एकेक करून आठवू लागला, आणि प्रत्येक आठवणीतून काहीतरी काढून घेतलेलं आढळलं. वडी खाताना पेटरसन हसला होता. तेव्हा तो का हसला असेल? चार वर्षांची कॉफी त्याला पुन्हा प्यावी लागली, आणि या वेळी ती गार होती.

पानं पिवळी झाली. आर्वो पेटी घेऊन निघाला नाही. गल्लीने वाट पाहिली. विचारायला कुणी आलं नाही. कारण विचारायचं तर काहीतरी घडलंय हे कबूल करावं लागलं असतं. ऑक्टोबर सरता सरता लॉवेल आला, हातात ताट.

"मार्लिसने पाठवल्यात. खजुराच्या."

"नको."

"घे रे."

"नको."

लॉवेल तिसऱ्यांदा विचारायला थांबला, आणि आर्वोच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने विचारलं नाही. ताट पायरीवर ठेवलं. "दारं कधी करतोस?"

"यंदा जमणार नाही," आर्वो म्हणाला. "गुडघा दुखतोय."

लॉवेल मान हलवत उभा राहिला. "त्याला शेकायचं," तो म्हणाला आणि गेला.

कंपनीचा माणूस यंदा राजरोस आला, आणि शिकारीचा शनिवार नसतानाही आला. लपवायचं उरलं नव्हतं. आर्वोने खिडकीतून त्याला एकामागून एक दार करताना पाहिलं. निस्कालाच्या घरासमोर तो माणूस क्षणभर थांबला, दाराच्या तळाकडे वाकून पाहिलं, पुढे गेला.

आर्वोने आपल्या दाराला आपलं रबर स्वतः घातलं. साबणाचं पाणी लावलं, टोकं दुमडली, तोंडं चिमटली. दुपारी दिवे घालवून आत उभा राहिला. ढगाळ दिवस होता, उजेड कुठूनच दिसला नाही.

यंदाच्या हिवाळ्यात रिज स्ट्रीटवर एकाच दाराखालून बर्फ आत आला.