पट्ट्यापायी अडलेली गाडी

मी तीस वर्षं इंजिनवरची पिठाची गिरणी चालवली. शाळेत तिसरीच्या पुढं गेलो न्हाई, पण पट्टा कसा असतो ते मला कोणी शिकवावं असं कधी वाटलं न्हाई. गिरणीचा पट्टा तुटला की चामड्याच्या वादीनं शिवायचा, घसरू नये म्हणून राळ लावायची, अर्ध्या तासात दळण पुन्हा सुरू. म्हणून दोन वर्षांमागं टेंभुर्णीचा मिस्तरी म्हणाला, "काका, गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली," तवा मी झाकण काढायला लावलं, पट्ट्यावरून बोट फिरवलं अन् चार लोकांत म्हणालो, "कुठं चीर न्हाई, काही न्हाई. तू जन्मला नव्हता तवापासून पट्टे पाहून राह्यलो मी."

मागच्या महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको पिंपळगाव रेणुकाईला दर्शनाला गेल्तो. येताना चालती गाडी एकदम मुकी झाली. चावी फिरवली तर इंजिन नुसतं हलकं फिरायचं, पेटायचं नावच न्हाई. एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून टेंभुर्णीपर्यंत ओढत आणलं. मी स्टेअरिंग धरून रुबाबात बसलो होतो. बायको म्हणाली, "आज डिझेल बराबर वाचलं."

मिस्तरीनं झाकण काढलं. पट्टा तुटलेला. मी विचारलं, "शिवता येईल का?"

तो हसला न्हाई, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "काका, गिरणीत पट्टा तुटला तर जातं थांबतं. इथं पिस्टन वर येऊन हवा आत-बाहेर सोडणाऱ्या वॉलला धडकतात." दुसऱ्या दिवशी इंजिनाचं हेड उतरवून त्यानं वॉल माझ्या हातावर ठेवले. जुन्या दारातून उपटलेल्या खिळ्यांसारखे वाकडे झाल्ते.

पोराला फोन केला. तो म्हणाला, "आबा, गाडीच्या किमतीएवढा खर्चा होईल. भंगारात द्या." मला हे सोयीचंच वाटलं. गाडी भंगारात गेली की गाडीच म्हातारी झाल्ती म्हणायला मी मोकळा. अन् दुरुस्त करायची तर मिस्तरीची एक अट होती, "पुढचा बेल्ट मी सांगीन तवा बदलायचा. कबूल करा, न्हाई तर मी हात लावत न्हाई."

"मंग राहू दे," म्हणून मी घरी आलो.

पाचव्या दिवशी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडी नको झाली का त्या मिस्तरीपुढं मान खाली घालायला नको? भंगारवाल्याला तुम्हीच बोलवा. मी न्हाई पाहणार."

बोलवतो म्हणालो अन् तिच्यासमोरच फोन लावला. भंगारवाल्यानं विचारलं, "चालती हाये का मेलेली?"

"मेलेली कशाची? बिलकुल चालती हाये. पट्टा तेवढा तुटलाय." तोंडातून निघून गेलं. आपल्या गाडीला दुसऱ्यानं मेलेली म्हणलेलं मला सोसलं न्हाई. तो म्हणाला, "मंग दुरुस्त करून वापरा ना, बाबा." मी फोन ठेवला अन् पायात चपला घातल्या. बायको भाकरी उलटवत राह्यली, पण खुदकन हसल्याचं मला ऐकू आलं.

टेंभुर्णीत बाजाराचा दिवस. मिस्तरीच्या दुकानात हवेचं मशीन धडधडत होतं. मी त्याच्या कानाशी लागून म्हणालो, "पट्ट्याचं तू म्हणशील तसं."

"ऐकू न्हाई आलं, काका."

मी आवाज चढवला अन् नेमकं त्याच टायमाला त्यानं मशीन बंद केलं. "माझं चुकलं. पट्टा तू म्हणशील तवा बदलीन." समोरच्या हॉटेलातले लोक चहाचे ग्लास हातात धरून माझ्याकडं पाहत राह्यले.

मिस्तरीनं मान डोलावली, हात पुसले अन् हेड उचललं. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलो अन् म्हणालो, "नट बराबर आवळ. ते मला कळतं."