वानखडे काकांचं लॉगिन

वानखडे काका बिघडलेल्या लॅपटॉपला आधी हातच लावायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि लॅपटॉपकडे नाही, तुमच्याकडे बघायचे.

"काल चालून राहिलं होतं न? मग कालपासून आजपर्यंत तू काय बदललं?"

समोरचा म्हणायचा, काहीच नाही. काका मान हलवायचे. "काहीच नाही म्हणणाऱ्यानंच काहीतरी केलं राहते. सांग, मी मारत नाही."

चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, अभ्यासिकेच्या तोंडाशी त्यांचं कॉम्प्युटर-मदतीचं टेबल होतं. पंजाब, हरियाणा, हिमाचलची पोरं तिथे येऊन हिंदीत गुन्हे कबूल करत. "अंकल जी, वीडियो देखके एक सेटिंग छेड दी थी." काका ती सेटिंग पूर्ववत करत आणि एका वहीत लिहून ठेवत. कुणाचा लॅपटॉप, काय होतं, काय केलं.

काका मूळचे अमरावतीकडचे. हवाई दलात रेडिओ-सिग्नलचं काम करून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. बायको गेलेली. मुलगा-सून विमानतळाजवळच्या एयरोसिटीत, त्यांच्याकडे राहायचे आणि दोन बस बदलून रोज नऊच्या आत इथे हजर. मी फोनवर आईशी मराठीत भांडत होते ते ऐकून त्यांनी मला पकडलं. "कुठली गं तू? नाशिक? चाल, पाणी तरी पी, मग भांड." माझ्या बाबांची केंद्र सरकारची बदलीची नोकरी, म्हणून मी या गावात. अभ्यास स्पर्धा परीक्षेचा, आणि त्याहून जास्त आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिण्याचा. काका मला 'पुढारीणबाई' म्हणायचे.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," हा त्यांचा नियम. "नाही चाललं तर आधी होतं तसं ठेवून द्यायचं, मग दुसरीले हात लावायचा. चार गोष्टी एकदम बदलणारा दुरुस्ती नाही करत, जुगार खेळते."

मला हे फार मवाळ वाटायचं. मी म्हणाले, "काका, व्यवस्था अशी एकेक सेटिंग करून बदलत नसते."

"हाव, बदला न बाप्पा. फक्त आधी काय होतं ते लिहून ठेवा. तुमच्या क्रांतीनं नेट बंद पडलं तर पोरं माझ्याच टेबलावर येतील."

आता दाराबद्दल. अभ्यासिकेला मागच्या बाजूला एक जिना होता, आग लागली तर बाहेर पडायला. त्या जिन्याच्या दाराला कुलूप आणि कुलपापुढे मोडक्या बाकांचा ढीग. आम्ही दोनदा लेखी तक्रार दिली. उत्तर नाही. फी मात्र वेळेवर पाहिजे! शेवटी मी दाराचा फोटो काढला, पत्रक लिहिलं, आणि ते सगळ्या मुलांपर्यंत पोहोचवायला बसले, तर माझ्या लॅपटॉपला वाय-फाय मिळेना. नाव दिसायचं, चक्र फिरायचं, आणि 'कनेक्ट होऊ शकत नाही'.

काका आले. हात पाठीमागे. "काय बदललं?" मी म्हणाले, काहीच नाही. मग आठवलं, घरच्या नेटसाठी मी एक आयपी पत्ता हाताने टाकून ठेवला होता. काकांनी तो वहीत उतरवला, काढला, 'आपोआप' वर ठेवलं. तरी जमेना. विमानाच्या चिन्हाचं बटण पाहिलं, तारीख-वेळ तपासली, वाय-फाय बंद करून चालू केलं. एकेक करून, प्रत्येक वेळी थांबून. मी घड्याळ बघत होते.

"तुझ्या मशीनमध्ये आता काही नाही," ते म्हणाले. "पोरांचं वाय-फाय भरलं आहे, वसतिगृहाच्या बसइतकं. एखादा उतरला की तू चढशील. एवढी घाई काऊन? काय आहे?"

मी म्हणाले, "फॉर्म भरायचाय, काका. आज शेवटचा दिवस आहे."

का म्हणाले? कारण पगार संस्थेचा घेणारा माणूस म्हणजे संस्थेचा माणूस, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात होतं. ज्या माणसाने पाऊण तास खाली वाकून माझी एकेक चूक निस्तरली, त्याला खरं सांगून बघावं हे मला सुचलंसुद्धा नाही.

काका थांबले. मग खुर्ची ओढून बसले आणि माझा लॅपटॉप स्टाफच्या नेटवर्कवर घेतला, स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकून. "फॉर्म भर अन् उतर. हे कोणाले देत नाही मी. पण वर्ष जाऊ नये पोरीचं."

ते दुसऱ्या मुलाकडे गेले. मी पत्रक आमच्या ग्रुपवर टाकणार होते. पण स्टाफच्या नेटवर्कवर संस्थेच्या नोटीस-बोर्डाचं पान आपोआप उघडलं आणि त्यावर, आम्हाला कधीच न दिसणारं, 'सर्वांना पाठवा' असं बटण दिसलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात 'वानखडे' असं नाव होतं. मला ते दिसलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. दिसलं, आणि मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुलूप निघालं, बाक हलले. आम्ही विजयाचं पत्रक काढलं. मसुदा माझाच.

त्याच दुपारी काकांना ऑफिसात बोलावलं. तिथे चहा द्यायला गेलेल्या कांता आंटीने मला नंतर सांगितलं, "साहब पूछते रहे, किसको दिया, किसको दिया. अंकल बोले, लॉगिन मेरा है, जवाब मैं दूँगा." संध्याकाळी त्यांनी टेबल आवरलं. मी जिन्यात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि वही घेऊन खाली उतरले.

मी पुढे व्हायला हवं होतं. संघटनेतल्या सिनिअरने समजावलं, आत्ता तू नाव दिलंस तर मूळ मुद्दा भरकटेल. मला तो युक्तिवाद पटला, कारण तो माझ्या सोयीचा होता. दुसऱ्या कुणी असा युक्तिवाद केला असता तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

महिनाभराने एकदा काकांना फोन केला. "लॅपटॉप चालून राहिला न?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "मग ठीक आहे." पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी फोन ठेवला. जानेवारीच्या धुक्यात, सकाळी दूध आणायला उतरलेले काका सोसायटीच्या फाटकापाशीच कोसळले. हृदयविकार. मला आईकडून कळलं, इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आलं होतं.

तेव्हापासून कुठलंही पान उघडलं की माझी नजर आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते. तिथे माझंच नाव असतं. तरी जाते.

मी एयरोसिटीत भेटायला गेले. गणवेशातला फोटो, त्याला हार. सूनबाई, म्हणजे वहिनी, घरी एकट्याच होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्ही त्या अभ्यासिकेतल्या ना? जरा वाय-फाय बघता का, प्लीज? कंपनीवाला नवीन राउटर लावून गेला, माझा लॅपटॉप पकडतच नाही. बाबा होते तर कधी बघावंच लागलं नाही यार."

त्यांनी दाखवलेल्या काकांच्या खुर्चीत मी बसले. लॅपटॉप जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा देत होता. मी जुना आधी कागदावर उतरवला, मग काढला, राउटरवर छापलेला नवा टाकला, थांबले. पाठीमागे कुणीतरी हात बांधून उभं आहे असं इतकं पक्कं वाटलं की मी वळून पाहिलं. वहिनी होत्या.

"ती नाशिकची मुलगी तुम्हीच ना, जिच्या फॉर्मसाठी बाबांनी लॉगिन दिलं होतं?" त्यांनी विचारलं. "आम्ही चिडलो ना, तर म्हणायचे, एका पोरीचं वर्ष वाचलं, नोकरीचं काय घेऊन बसले तुम्ही. मग? झालं सिलेक्शन?"

नोटीस-बोर्डावर काय गेलं, ते काकांनी ऑफिसात डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी घरी येऊन माझं खोटं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं होतं. मी 'झालं' म्हणाले असते तर ते तसंच शाबूत राहिलं असतं.

"वहिनी, फॉर्म नव्हता," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. बटणासकट. कोपऱ्यातल्या नावासकट.

त्यांनी फोटोकडे पाहिलं. "मग त्यांनी आम्हाला तसं का सांगितलं?"

पत्रकात मी प्रत्येक 'का' ठणकावून विचारते आणि उत्तरही मीच देते. इथे मी जुन्या पासवर्डचा कागद दुमडला.

"नोकरी गेल्यावर ते रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वाजता सोफ्यावर येऊन बसायचे," वहिनी म्हणाल्या. "कुठे जायचं नसायचं. माहीत होतं तुम्हाला?"

"नाही."

"पासवर्ड एका कागदावर लिहून द्या. म्हणजे परत कोणाला बोलवावं लागणार नाही."

मी लिहून दिला. एकेक अक्षर सुटं, मोठं. त्यांनी कागद घेतला, लॅपटॉप मिटला आणि दार उघडून उभ्या राहिल्या.