आबांचे जाहीर आभार

सूड हा शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारतात. मी मोठ्यानं म्हणतो.

पूर्वी मी इंदापूर तालुक्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. आमच्याकडे बातमीदारानं बातमीही द्यायची आणि जाहिरातही आणायची. म्हणजे ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच दारात वाढदिवसाच्या पुरवणीसाठी उभं राहायचं. आमच्या भागात सगळ्यात मोठी जाहिरात एकाच माणसाची असायची. रस्त्यांची कंत्राटं घेणारी बडी असामी. सगळे त्यांना आबा म्हणायचे. निवडणूक आली की मांडव, गाड्या, जेवणावळी आबांकडून जायच्या. दोन्ही बाजूंना, आणि गुपचूप. निवडून कोणीही येवो, रस्ता आबांनाच मिळायचा.

असाच एक रस्ता पहिल्या पावसाळ्यात उखडला आणि त्यावर माझ्या थोरल्या भावाचा दुधाचा टेम्पो उलटला. भावाचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

मी बातमी लिहिली. भावाचा टेम्पो कसा उलटला, रस्ता कोणी केला, तोच माणूस कुणाकुणाच्या प्रचाराला गाड्या देतो, सगळं लिहिलं. गाड्यांचे फोटोही जोडले. दैनिकाच्या बारामतीच्या कार्यालयातून फोन आला. "आबांचा वाढदिवस जवळ आलाय, कळतंय का तुम्हाला? आणि पुरावा काय? ते स्वतः कबूल करणार आहेत का?" बातमी केराच्या टोपलीत गेली. त्या आठवड्यात पानभर आबा हात जोडून हसत होते.

पत्रकार दिनाला आबांनी आम्हा सगळ्यांचा सत्कार ठेवला. माझ्या खांद्यावर शाल टाकताना कानाशी आले आणि म्हणाले, "तुमची बातमी वाचली बरं का. झ्याक लिवता तुमी."

छापून न आलेली बातमी त्यांनी वाचली होती! कार्यालयातूनच कोणीतरी पोचवली असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन शाल घडी करून कपाटात ठेवली.

"ही त्यांची त्यांना परत द्यायची हाय," मी भावाला म्हणालो.

"जाऊ दे की," भाऊ म्हणाला.

मी जाऊ देणाऱ्यातला नाही. दैनिक सोडलं आणि सूत्रसंचालन धरलं. लग्न, सत्कार, सभा, जिथं माईक असेल तिथं जायचो. आवाज बरा, पैसे कमी, त्यामुळे मला दोन्ही पक्ष बोलवायचे. मी एकेकाळी काय लिहिलं होतं, हे त्यांना कशाला आठवतंय?

पुढची निवडणूक आली. निमगाव केतकीच्या बाजारतळावर सकाळी एका उमेदवाराची सभा झाली आणि संध्याकाळी दुसऱ्याची. मांडव तोच, फक्त झेंडे आणि फलक बदलले. जेवणाची पातेलीसुद्धा तीच होती. आबा कधी स्टेजवर जात नसत. खाली खुर्चीत बसून शांतपणे सगळं बघायचे.

संध्याकाळच्या सभेचा माईक माझ्याकडे होता. उमेदवाराचा एक कार्यकर्ता मला बजावून गेला, "आभाराला कुणाचं नाव सोडू नका. नाव राहिलं की लोकं रुसत्यात."

खरंच आहे ते. आमच्याकडे भाषणात काय बोललात हे कोणी लक्षात ठेवत नाही, पण आभारात नाव राहिलं तर माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत डूख धरतो. मी मांडववाल्यापासून पाणी वाटणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. मग जरा थांबलो.

"आणि ज्यांचं नाव कोणीच घेत नाही, त्यांचे आभार. हा मांडव, या गाड्या, हे जेवण, सगळं आबांचं. सकाळी याच मांडवात समोरच्या उमेदवारांची सभा झाली, तीही आबांच्याच कृपेनं. आबांनी दुजाभाव केला नाही. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. सवयच ती. आणि आबा? लग्नात, सत्कारात आभाराला नाव घेतलं की जन्मभर जे केलं, तेच त्यांनी केलं. खुर्चीतून उठले, चारी बाजूंना वळून हात जोडले, हसले. मग मागून कोणीतरी खो खो हसलं आणि आबांचे हात जोडलेलेच राहिले. तोवर निम्म्या मांडवानं मोबाइल वर धरले होते.

सकाळी बारामतीहून फोन आला. व्हिडिओ साऱ्या तालुक्यात फिरत होता, आता गप्प बसून चालणार नव्हतं. "तुम्ही तिथंच होतात ना? लगेच बातमी पाठवा."

"आबांचा वाढदिवस जवळ आलाय, कळतंय का तुम्हाला?" मी म्हणालो आणि फोन ठेवला. इतकं गार वाटलं!

बातमी त्यांना छापावीच लागली. दोन्ही उमेदवारांनी आबांशी आपला काडीचा संबंध नसल्याचं सांगितलं. पाठीशी कोणीच उरलं नाही, तशी भावाचा टेम्पो उलटला त्या रस्त्याची चौकशी लागली.

आबांच्या वाढदिवसाला चौकात एकही फ्लेक्स नव्हता, पेपरात पुरवणी नव्हती. मी भावाला आणि ती शाल घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेलो. अंगणात खुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या होत्या, त्यावर घरचीच चार माणसं. आम्हाला बघून आबांचा चेहरा उतरला, पण शाल घेऊन आलेल्या माणसाला वाढदिवसाच्या दिवशी दारातून परत लावता येत नाही.

शाल मी भावाच्या हातात दिली. त्यानं ती उचलली. डावा हात वर गेला, उजवा खांद्यापाशीच अडला. मी मदतीला पुढे झालो नाही. भाऊ शाल धरून तसाच उभा राहिला. आबांनी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

शेवटी त्यांनाच मान खाली घालावी लागली.